पोल

गेल्या डिसेंबरात साडेतीन तास मी विधानसभेची अध्यक्ष होते, म्हणजे एका महाविद्यालयातल्या मुलांच्या अभिरूप विधानसभेची. प्राचार्यांच्या केबिनमधून उचलून आणलेली उंच पाठीची खुर्ची, समोर टेबलावर हिरवं कापड, त्यावर पाण्याचा तांब्या, एक पितळी घंटा आणि एक लाकडी हातोडा. हातोडा आपल्या विधानसभेत नसतो, खरं तर आपल्या कोर्टातही नसतो, पण सिनेमाने तो मुलांच्या डोक्यात असा काही ठोकून बसवलाय की कितीही सांगा, दरवर्षी कुठून तरी उगवतोच. उजव्या हाताला सत्ताधारी बाकं, डाव्या हाताला विरोधी, मधल्या मोकळ्या जागेत राजदंड. राजदंड म्हणजे पीव्हीसीच्या पाइपला गुंडाळलेला सोनेरी कागद आणि टोकाला प्लास्टिकचा चेंडू. तो विरोधकांनी पळवायचा हे आधीच ठरलेलं असावं, कारण पळवणाऱ्या मुलाने सकाळपासून चपला बाकाखाली काढून ठेवल्या होत्या. बासष्ट सदस्य, दोन माईक, त्यातला एक मधूनच शिट्टी मारणारा. डोक्यावर चार पंखे, भर थंडीत चालू, कारण ते बंद केले की मागच्या रांगांना झोप येते असं संयोजक सरांचं म्हणणं.

चार वाजून वीस मिनिटांनी मी विधेयक मतास टाकलं. ‘जे अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे.’ उजवीकडून होय आलं. ‘जे प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे.’ डावीकडून नाही आलं, आणि ते अंमळ जड होतं. माझे कान अजून शाबूत आहेत. पण माझ्यासमोरच्या कागदावर दिवसभराचा कार्यक्रम छापलेला होता, त्यात शेवटून दुसऱ्या ओळीत ‘विधेयक संमत’ असं सकाळीच छापून आलेलं होतं. साडेचारला हॉल दुसऱ्या कार्यक्रमासाठी रिकामा करून द्यायचा होता आणि बाजूच्या दारात उभे राहून संयोजक सर घड्याळाच्या काचेवर बोट वाजवत होते. ‘होयचं बहुमत, होयचं बहुमत. विधेयक संमत झालं आहे,’ मी म्हणाले, आणि सकाळपासून ज्याला हात लावला नव्हता तो हातोडा शेवटी मीच आपटला. तेवढ्यात उजवीकडून, म्हणजे सरकारच्याच तिसऱ्या रांगेतून, आवाज आला.

‘पोल.’

तो मुलगा ओरडला नव्हता. एसटीत कंडक्टरला आपलं गाव सांगावं तितक्याच आवाजात बोलला. किडकिडीत, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला सदस्य क्रमांकाचा पुठ्ठा टाचणीने लावलेला. दिवसभरात तो एक शब्दही बोलला नव्हता, त्यामुळे त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. उभा राहून तो माझ्याकडे बघत होता, शांतपणे, जणू आता पुढचं काम माझं आहे. आणि मी काय केलं? मी विनोद केला. ‘सन्माननीय सदस्य सत्ताधारी पक्षाचे आहेत. त्यांनी बसून घ्यावं, नाहीतर दहाव्या अनुसूचीखाली अपात्र व्हायचे!’ हॉल हसला. विरोधक हसले, सत्ताधारी हसले, दारातले सर हसले, मागे चहाचे कप मांडणारे शिपाईमामासुद्धा सगळे हसतायत म्हणून हसले. मुलगा बसला. राष्ट्रगीत झालं. चहा फार गोड होता.

घरी येताना गाडीत पहिल्यांदा टोचलं ते असं की तो विनोदच मुळात चुकीचा होता. मी राज्यशास्त्र शिकवते. दहावी अनुसूची म्हणजे पक्षांतरबंदी, ती १९८५ साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आली, पक्ष स्वतःहून सोडला किंवा पक्षादेश मोडून मत दिलं तर सदस्यत्व जातं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पोल मागितला म्हणून कुणी अपात्र होत नाही. पोल मागणं म्हणजे मोजा म्हणणं, इतकंच. आवाजावर दिलेल्या निकालाला हरकत आली की मोजायचं असतं, मग डोकी मोजा नाहीतर उभं करून मोजा. हेही मला ठाऊक होतं. बासष्ट माणसं मोजायला माझ्याकडे दहा मिनिटं होती. मी ती वाचवली, आणि वाचवलेली दहा मिनिटं फोटो काढण्यात गेली.

विधेयक होतं बोअरचं. कागदोपत्री ‘विंधन विहीर (ग्रामसभा पूर्वपरवानगी) विधेयक’. कुणाच्याही शेतात नवी बोअर घ्यायची तर आधी ग्रामसभेची मंजुरी, नाहीतर दंड आणि गाडी जप्त. मुलांनी विषय स्वतः निवडला होता आणि चांगला निवडला होता, कारण त्या हॉलमधल्या निम्म्याहून अधिक घरांनी बोअरच्या गाडीचा आवाज रात्रभर ऐकलेला होता. वादविवाद स्पर्धेत येतात ते विषय, मोबाईल शाप की वरदान वगैरे, त्यात मुलं पाठ केलेलं बोलतात. इथे तसं झालं नाही. पाणीपुरवठा मंत्री झालेली मुलगी लांब वेणीची, हातातला कागद थरथरत होता. ती १९९३ च्या कायद्यापासून सुरू झाली. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत विहीर घ्यायला त्या कायद्याने तेव्हाच बंधन घातलंय. मग २००९ चा भूजल कायदा, जो प्रत्यक्षात लागू व्हायला २०१४ उजाडलं. साठ मीटरच्या पुढे गेलेल्या विहिरीला तो ‘खोल विहीर’ म्हणतो. ‘अध्यक्ष महोदय,’ ती म्हणाली, मग जीभ चावून ‘महोदया’, ‘साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. या सभागृहातल्या एका तरी सन्माननीय सदस्याच्या शिवारात दोनशे फुटांवर पाणी लागतं का?’ कुणीही हरकतीचा मुद्दा काढला नाही. शिट्टी मारणारा माईकही गप्प बसला. 

(‘महोदय’ची ही चूक दिवसभरात प्रत्येकाने केली. त्यांचा तरी काय दोष? आपल्या विधानसभेच्या अध्यक्षपदावर आजवर एकही बाई बसलेली नाही. टीव्हीवर ऐकलेलं जिभेला तेच वळण. मी पहिल्या तासाला दुरुस्त केलं, नंतर सोडून दिलं.)

विरोधी पक्षनेत्याचं काम ज्या मुलाकडे आलं होतं तो बोलायला उठला तेव्हा त्याच्या हातात कागद नव्हता. त्याने बोअरचं समर्थन केलंच नाही. त्याने ग्रामसभेवर बोट ठेवलं. ग्रामसभेची गणपूर्ती किती? पंधरा टक्के किंवा शंभर, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे दोन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं जमली की झालं. ती शंभर कोण? ज्यांच्या विहिरी आधीच आहेत, ज्यांच्या ओट्यावर गाव बसतं, ते. ज्याने दहा वर्षांपूर्वी चार बोअर मारून घेतल्या तो आता हात वर करून सांगणार की भूजल धोक्यात आहे, आणि ज्याची पहिलीच बोअर आहे तो परवानगी मागत फिरणार. ‘हे पाणी वाचवायचं विधेयक नाही अध्यक्ष महोदय, हे पाणी ज्याचं आहे त्याचंच ठेवायचं विधेयक आहे.’ बाकं वाजली, सत्ताधाऱ्यांचीसुद्धा. मग त्याने गाडीचं वर्णन केलं. पाणाड्या नारळ तळहातावर ठेवून शेतभर फिरतो, नारळ उभा राहिला तिथे खूण होते. संध्याकाळी गाडी येते. पहिल्या शंभर फुटांपर्यंत सगळं घर जागं, चहा फिरतोय. तीनशेला निम्मे झोपलेले. पाचशेला नुसता पांढरा धुरळा, पिकावर, गोठ्यावर, अंथरुणावर. पहाटे गाडीवाला विचारतो, अजून शंभर मारायचं का? त्या वेळी बापाचा चेहरा ज्याने पाहिलाय त्याने या विधेयकावर बोलावं.

मला काही क्षण ऐकू येईना, म्हणजे शब्द ऐकू येत होते पण मी गुण द्यायचे विसरले. मूल्यमापनाच्या तक्त्यात चार रकाने होते: मुद्देसूदपणा, उच्चार, सभाशिष्टाचार, प्रभाव. मी शेवटच्या रकान्यात दहापैकी नऊ लिहिले. मधल्या सुट्टीत त्याला म्हटलं, तुमच्याकडे अशी रात्र झाली होती का रे? तो म्हणाला, ‘नाही मॅडम, वडील बँकेत आहेत. शेजारच्यांकडे गाडी आली होती, गच्चीवरून पाहिलेलं. चिठ्ठीत विरोधी पक्ष आला ना, मग तेच घेतलं. सत्ताधारी आलो असतो तर उलटं घेतलं असतं. धुरळ्याची हीच रात्र तिकडेही चालली असती.’ आणि खरंच चालली असती. तीच रात्र, फक्त शेवटचं वाक्य बदलून.

चिठ्ठ्यांची ही पद्धत मला मनापासून आवडते आणि तिची भीतीही वाटते. आवडते अशासाठी की आपलं मत काय हे कळायच्या आधी समोरच्याच्या मताच्या घरात दोन दिवस राहून यावं लागतं. मंत्री झालेल्या त्या मुलीला विधेयकाचा मसुदा लिहायला लावला तेव्हा कलमं तिने अर्ध्या दिवसात लिहिली, ‘भारतीय गणराज्याच्या पंचाहत्तराव्या वर्षी पुढील अधिनियम करण्यात येत आहे’ या भरदार ओळीसकट. अडली ती वित्तीय ज्ञापनाशी. परवानगी तपासणार कोण, खोली मोजणार कोण, त्या माणसाचा पगार कुठून? मुलांना कायदा म्हणजे मनाई वाटते, पैसा वाटत नाही. तेव्हा मी तिला माझं पगारपत्रक दाखवलं होतं. व्यवसाय कर, दरमहा दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमीसाठी. वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते, काम मागेल त्याला काम ही कल्पना त्यांची. दुष्काळातल्या खडी फोडणाऱ्या माणसाच्या मजुरीसाठी शहरातल्या पगारदाराच्या पाकिटाला हात घालायचा, हे सभागृहात उभं राहून म्हणायला आणि पटवायला लागलं असेल. रोजगार हमीचा कायदा मग १९७७ ला झाला, अंमल १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून. ती पगारपत्रकाकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘म्हणजे तुम्ही अजून भरताय?’ तिच्या ज्ञापनात मग एक ओळ आली, बोअरच्या गाडीच्या प्रत्येक फुटामागे उपकर. विरोधकांनी तीच ओळ धरून तिला सोलून काढलं. पण तिने ती लिहिली होती.

भीती वाटते त्याचं कारण जुनं आहे.

१९९४ साली मी एस. वाय. ला होते. त्या जूनपासून महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला होता. केंद्राला तेच करायला पुढे २००५ उजाडलं. आमच्या सरांनी अभिरूप विधानसभेला तोच विषय घेतला, जणू कायदा अजून व्हायचाच आहे. चिठ्ठीत मला विरोध आला. मी आधी रडकुंडीला आले, मग कामाला लागले. मुद्दे कुठून आणायचे? ते आणायला कुठे जावं लागलं नाही, ते आमच्या माजघरातच होते, कायम बोलले जाणारे. जमिनीचे तुकडे होतील. बहीण माहेरी हक्काने येते ती प्रेमाने येते, उद्या हिश्शाने येईल. राखी बांधणारा हात उद्या सातबारा मागेल. हे शेवटचं वाक्य माझं स्वतःचं. ते मी आरशासमोर म्हणून बघितलं होतं, ‘राखी’वर किंचित थांबून. हॉलमध्ये त्या वाक्याला टाळ्या पडल्या आणि त्या वर्षीचा करंडक मला मिळाला. घरी आल्यावर वडिलांनी तो शोकेसमध्ये ठेवला आणि विचारलं, ‘कशावर बोललीस?’ मी सांगितलं. ते म्हणाले, ‘बरोबर बोललीस.’ मी म्हटलं, ‘दादा, ते चिठ्ठीत आलं होतं.’ त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना करंडक दाखवताना ते ते वाक्य म्हणून दाखवत, थांबायचं तिथे बरोबर थांबून.

दादा गेल्यावर वर्षाच्या आत हक्कसोडपत्राचा विषय निघाला. कुणी जबरदस्ती केली असं मी म्हणणार नाही, केली नव्हती. भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, तो तर मान खाली घालून बसला होता. काका बोलले, ‘तुला काय कमी आहे? तुकडे करून काय मिळणार?’ आणि मग अगदी सहज, जणू गावातलीच म्हण असावी तसं, ‘राखी बांधणारा हात सातबारा मागत नसतो.’ माझ्या वाक्यातला ‘उद्या’ गेला होता, ‘मागेल’चं ‘मागत नसतो’ झालं होतं. बाकी शब्द माझेच. आईने माझ्याकडे पाहिलं. तिला ते वाक्य कुठून आलं ते माहीत होतं. काकांना बहुतेक नव्हतं. त्या बैठकीत ‘सगळ्यांना मान्य आहे ना?’ असं काकांनीच विचारलं आणि खोलीतून एक सामुदायिक ‘हो’ आला. त्यात माझा आवाज होता की नव्हता हे मला आजही नक्की सांगता येत नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठ्याला लावलेली शाई मात्र दोन दिवस गेली नाही.

भाऊ चांगला आहे. दिवाळीला येतो, तांदूळ आणतो. मला त्या जमिनीचं काही करायचं नव्हतं आणि नाही. पण कधीकधी वर्गात एखादी मुलगी पाठ केलेल्या त्वेषाने काही बोलायला लागली की मला तिला थांबवून विचारावंसं वाटतं, हे वाक्य तुझ्या माजघरातून उचललंस का ग? आणि उचललं असशील तर परत ठेवताना जपून ठेव.

अभिरूप विधानसभेत आपण सगळं शिकवतो. लक्षवेधी कशी मांडायची, तारांकित प्रश्न म्हणजे काय, सभात्याग कधी करायचा, हौदात कसं उतरायचं (हे न शिकवता येतं). भाषणाला पाच मिनिटं, मंत्र्यांच्या उत्तराला सात. मताला मात्र आवाजी अर्धं मिनिट. त्यात मुलांना स्वतःचं मत द्यायचंच नसतं, चिठ्ठीचं द्यायचं असतं, मग मोजायचं कशाला? उजवीकडे तेहतीस बसवलेत, डावीकडे एकोणतीस, निकाल बैठकव्यवस्थेतच आहे. हे मी स्वतःला बरेच दिवस सांगत राहिले. पण खऱ्या सभागृहातही बैठकव्यवस्था ठाऊकच असते की. तरी मोजतात.

नेहमी मोजत नाहीत, हेही खरं. १२ नोव्हेंबर २०१४ ला नव्या सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाला आणि मतविभागणी का घेतली नाही यावरून केवढा गदारोळ झाला होता, ते टीव्हीवर बघताना मी आमटीला फोडणी घालत होते आणि मोहरी करपली होती. मग २०२२ च्या जुलैमध्ये अध्यक्षपदाची निवडणूक झाली तेव्हा एकेक आमदार उभा राहून आपलं नाव आणि क्रमांक सांगत होता, १६४ विरुद्ध १०७, दुसऱ्या दिवशी विश्वासमताला १६४ विरुद्ध ९९. राजकारण बाजूला ठेवा, त्यात प्रत्येकाचं पटलं-न पटलं वेगळं असणार. मला त्या मोजणीचं दृश्यच विलक्षण वाटलं होतं. एरवी घोळक्याने ओरडणारी माणसं एकेकटी उभी राहत होती आणि स्वतःचं नाव घेताना त्यांचे आवाज वेगवेगळे निघत होते. कुणी घसा खाकरून, कुणी घाईत, कुणी कॅमेऱ्याकडे न बघता. माझ्या घरच्या त्या बैठकीत काकांनी एकेकाला उभं केलं असतं तर? उगीच विचार. आपल्याकडे घरात असं कोण करतं.

वर्गात मी १९७६ च्या विधेयकाचं उदाहरण नेहमी देते. तीन अपत्यांनंतर सक्तीची नसबंदी. आपल्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ते संमत केलं होतं. आणीबाणीचे दिवस, ‘नाही’ म्हणू शकले असते असे कित्येक जण तेव्हा तुरुंगात. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, बस्स, तेवढ्यावर वाचलं. मुलं विचारतात, मॅडम, बाजूने बोलणाऱ्यांना ते खरंच पटलं होतं का? मी म्हणते, काहींना अगदी मनापासून पटलं असणार. ते ऐकून मुलं अस्वस्थ होतात. चिठ्ठी आली होती असं उत्तर त्यांना जास्त सोयीचं वाटलं असतं.

फेब्रुवारीत त्याच महाविद्यालयात तोंडी परीक्षेला बाह्य परीक्षक म्हणून गेले. दुपारी पाण्याच्या टाकीपाशी तो पांढऱ्या शर्टाचा मुलगा दिसला, या वेळी चौकटीचा शर्ट. मी ओळखलं, त्याने ओळखूनही न ओळखल्यासारखं केलं. मीच गेले. काय बोलायचं ते मनाशी तयार होतं, म्हणजे तीन महिने तयार होत होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच. ‘तुझ्या घरी बोअर आहे का रे?’

‘आहे ना. दोन. एक कोरडी.’

‘म्हणून विधेयकाच्या विरोधात मत द्यायचं होतं का तुला?’

तो गोंधळला. बाटलीचं झाकण उघडलं, लावलं. ‘नाही मॅडम. मी होयच म्हणणार होतो. मला पटलंच होतं ते. म्हणजे सगळं नाही, पण पटलं होतं.’

‘मग पोल कशाला मागितलास?’

‘आमच्यातल्या बऱ्याच जणांना नव्हतं पटलं. जेवायच्या सुट्टीत बोलत होते सगळे, तो धुरळ्याचा भाग ऐकल्यावर. आणि तिकडच्या दोघा-तिघांना पटलं होतं. तर म्हटलं खरे किती निघतात बघू.’ मग जरा थांबून, ‘तुम्ही हसवलंत ना, मग राहिलं.’

शेवटचं वाक्य तक्रारीसारखं नव्हतं. पाऊस आला ना, मग राहिलं, असं म्हणावं तसं होतं. मी त्याला सॉरी म्हटलं. तो इतका संकोचला की ‘नाही नाही मॅडम, असू दे’ म्हणत बाटली न भरताच निघून गेला, आणि मग मी तिथे टाकीपाशी उभी, मागे पाण्यासाठी रांग लागलेली.

परवा संयोजक सरांचा फोन आला. यंदाही तुम्हीच अध्यक्ष. विषय अजून ठरायचाय, मुलं वाळूउपशाचं काहीतरी म्हणतायत. हॉल साडेचारपर्यंतच आहे, तेवढं जरा. मी म्हटलं, येते, पण शेवटी पोल घ्यायचा. आधी पक्षाच्या चिठ्ठ्या काढून टाकायच्या, मग प्रत्येकाने उभं राहून नाव सांगायचं, क्रमांक सांगायचा, आणि होय की नाही.

पलीकडे जरा शांतता. ‘पण मग निकाल काय लागेल ते आधी छापता नाही येणार, मॅडम.’

‘नाही येणार.’

‘वेळ किती जाईल?’

मी हिशोब करून ठेवलाच होता. एका सदस्याला दहा सेकंद धरले तर बासष्टांना साडेदहा मिनिटं, रेंगाळणारे धरून पंधरा. भाषणं पाचची चार मिनिटांवर आणली की बसतं. सरांनी ते लिहून घेतलं असावं, कागदाचा आवाज आला. ‘आणि हातोडा ठेवायचा का?’ त्यांनी विचारलं.

‘घंटा ठेवा. पोलच्या आधी घंटा वाजवतात, बाहेर गेलेले आत यावेत म्हणून. मोठी बघा. मागच्या वेळची चहाच्या टेबलापर्यंतसुद्धा ऐकू जात नव्हती.’